छायाचित्रातील व्यक्ती वाहनाचा भाग नाही

१

अव्होका खोरे जुनी मोटार मंडळाच्या परवाना सचिव ग्वेंडा ओकशॉट यांनी लिंडसे ट्रेंबाथचा अर्ज पहिल्यांदा परत केला तो एका मंगळवारी, सकाळच्या चहाच्या जरा आधी. कारण साधं होतं. अर्जाला जोडलेल्या सात फोटोंपैकी दुसऱ्या फोटोत गाडीच्या मागच्या सीटवर, डावीकडे, कोणीतरी बसलेलं होतं.

"फोटोत माणसं चालत नाहीत, लिंडसे," ग्वेंडा म्हणाली आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. पंचवीस वर्षं तिने बालशाळेच्या ऑफिसात काढली होती, त्यामुळे तिने असं बघितलं की मोठमोठ्या माणसांनाही नेहमी आपले हात धुतलेले आहेत का, अशी शंका यायची.

लिंडसे म्हणाला की गाडीत कोणी नव्हतं. ते डोकं टेकायचं उशीवजा काहीतरी असेल. पण बोलता बोलताच त्याला आठवलं, की एकसष्ट सालच्या हंबर गाडीला डोकं टेकायला असलं काही नसतं. मग तो म्हणाला, काचेत झाडाचं प्रतिबिंब पडलं असेल. ग्वेंडाने फोटो त्याच्यापुढे सरकवला. झाड असलंच तर त्याला खांदे होते.

लिंडसे अडुसष्ट वर्षांचा होता. दुधाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात त्याचा जन्म गेला होता आणि काटा जे दाखवतो तेवढंच खरं, अशा मताचा तो माणूस होता. डनोलीच्या एका शेतावर आवराआवरीच्या लिलावात त्याने ही हिरवी हंबर घेतली. त्यानंतर तीन वर्षं तो शेडमध्ये तिच्याखाली आडवा होता. आता ती अशी चालत होती, की बॉनेटवर कप ठेवला तर चहा हलत नसे. पण तिला रस्त्यावर आणायची तर नेहमीची नोंदणी फार जड जायची. अशा म्हाताऱ्या गाड्यांसाठी मंडळामार्फत मिळणारा परवानाच सोयीचा. वर्षातले पंचेचाळीस दिवस गाडी काढायची, निघण्याआधी वहीत तारीख लिहायची, लाल पाटी लावायची. त्यासाठी मंडळाचं सभासदत्व हवं, गाडी धडधाकट असल्याचा दाखला हवा आणि सात फोटो हवेत. सगळं जमलं होतं. अडकलं होतं ते फक्त त्या खांद्यांपाशी.

२

त्याला घाई होती, आणि त्या घाईचं कारण त्याची बायको नोरीन होती. तिच्या डोळ्यांचा मधला भाग निकामी होत चालला होता. कडेचं दिसायचं, समोरचं दिसायचं नाही. नवऱ्याचं तोंड बघायचं तर तिला त्याच्या कानाकडे बघावं लागायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की पुढच्या हिवाळ्यापर्यंत कडाही राहतील असं नाही. लग्न झाल्यावर ती दोघं पोर्ट फेअरीला गेली होती. तिथला समुद्र एकदा पुन्हा बघायचा, तो हंबरमधूनच जाऊन, असं तिने ठरवून टाकलं होतं. लिंडसेने त्यांची साधी गाडी काढतो म्हटल्यावर ती म्हणाली होती, "तीन वर्षं तुझ्या पायांशी बोलले मी, लिंडसे. आता ती गाडी मला कुठेतरी नेणार आहे."

डॉक्टरांनी तिला आणखी एक गोष्ट सांगितली होती. अशा डोळ्यांना कधीकधी नसलेलं दिसतं. फुलांच्या वेली, जाळ्या, अगदी अनोळखी माणसंसुद्धा. घाबरायचं नाही, डोकं ठिकाणावर असतं. नोरीन घाबरली नव्हतीच. दिसेल त्याला नमस्कार करायचा, असा मार्ग तिने काढला होता. आत्तापर्यंत एक हँगर, दोन कचऱ्याचे डबे आणि खरोखरच दारात उभा असलेला पाद्री, एवढ्यांना तिने सारख्याच अगत्याने चहा विचारला होता.

म्हणून बुधवारी सकाळी लिंडसे दुसऱ्यांदा फोटो काढत असताना ती पायरीवरून म्हणाली, "त्यांना बाहेर तरी बोलव, चहा ठेवलाय," तेव्हा त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. त्याने चारही दारं उघडून बघितली. सीटवर हात फिरवला. हिरवं चामडं थंड होतं. डावीकडच्या जागी जरा कमी थंड होतं, पण तिथे ऊन येत होतं. मग त्याने दारं लावली, फोटो काढले आणि मोबाईलच्या काचेवर बोटांनी मोठे करून करून बघितले. रिकामी सीट. त्याने समाधानाने ते छापायला दिले.

छापलेल्या फोटोत ती व्यक्ती उजवीकडे बसली होती.

३

"या वेळी टोपी पण आहे," ग्वेंडा म्हणाली. "टोपीमुळे मागची काच झाकली जातेय. मागची काच अखंड आहे हे दिसायलाच हवं."

लिंडसेने छापणाऱ्या यंत्राला दोष दिला. ग्वेंडा म्हणाली की यंत्राने तिच्या भाच्याच्या फोर्डमध्ये कधी कोणी बसवलं नाही. तरी तिने वर रिपोर्ट वगैरे काही केला नाही. तिला त्या फोटोतल्या बाईंबद्दल कुतूहल नव्हतंच. नियमात बसत नाही एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि लिंडसेला त्याचंच जास्त भय वाटायला लागलं होतं. एखादी तरी व्यक्ती 'हे काय आहे?' असं म्हणाली असती, तर त्याला 'काही नाही' असं म्हणता आलं असतं.

शुक्रवारी मंडळाचे तपासनीस केल्विन राश गाडी बघायला आले. ते मान हलवत गाडीभोवती फिरले, वाकले आणि म्हणाले, "डावा मागचा स्प्रिंगचा पाटा बसलाय."

लिंडसेने स्वतःच्या हाताने नवे पाटे घातले होते. तो वाकून बघायला गेला. गाडी खरोखरच मागून डावीकडे दोन बोटं खाली होती. केल्विनने कागदावर तसं लिहिलं, आणि दोघं जॅक आणायला शेडमध्ये गेले. परत येईपर्यंत गाडी उजवीकडे झुकली होती.

केल्विनने जॅक खाली ठेवला. मग त्यांनी लिहिलेलं खोडलं. "सरासरी काढली तर सरळ आहे," असं म्हणून त्यांनी सही केली. दिलेलं बिस्किट त्यांनी खिशात टाकलं आणि चहा न घेताच निघून गेले. केल्विनने चहा नाकारल्याचं गावात कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

तिसऱ्या वेळच्या फोटोंत ती बाई पुढच्या सीटवर आली होती. तोंड कॅमेऱ्याकडे होतं, म्हणजे तोंड जिथे असतं ती जागा कॅमेऱ्याकडे होती. तिथे कागद जरा पांढरट दिसत होता, जसा अंगठा दाबून पुसल्यावर दिसतो. बाकी कॉलर, टोपी, मांडीवर घेतलेली पर्स, सगळं स्वच्छ आलं होतं.

ग्वेंडाने फोटो पालथे घातले. आधी तिने खिडकी लावली, मग खणातून एक कोरी चिठ्ठी काढली, टाइपरायटरवर एक ओळ टाइप केली आणि अर्जाला टाचली. ओळ होती: 'छायाचित्रातील व्यक्ती वाहनाचा भाग नाही.' त्यावर तिने मंडळाचा शिक्का मारला.

"आता चालेल," ती म्हणाली. शिक्का डबीत ठेवून तिने झाकण दोनदा दाबलं, पण आवाज नेहमीसारखाच होता. "आणखी फोटो काढू नकोस, लिंडसे. पुढे आता तुझीच जागा राहिलीय."

४

सरकारी कार्यालयातल्या खिडकीवरच्या माणसाने चिठ्ठी वाचली, दुसऱ्यांदा वाचली, शिक्का बघितला आणि पुढच्याला बोलावलं. लिंडसेला वही मिळाली, लाल पाटी मिळाली. त्यापुढच्या सोमवारी सकाळी आठ वाजता त्याने वहीत तारीख लिहिली आणि अंड्याची सँडविचेस, थर्मास आणि नोरीन यांना घेऊन तो निघाला.

आदल्या दिवशीच त्याने ठरवलं होतं की घाबरायचं नाही. फोटो ही कागदाची भानगड असते, पाटे ही लोखंडाची, आणि दोन्हींना कारणं असतात. त्याने वेगाचा काटा बघितला, पाण्याचा बघितला, तेलाचा बघितला. सगळे जागच्या जागी होते. नोरीन शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती. पॅडकच्या कुरणांमधल्या मेंढ्या, युकॅलिप्टसच्या रांगा, कडेकडेने जे जे दिसेल ते त्याला सांगत होती. मधूनच मान मागे करून सांगत होती. ते त्याला आवडलं नाही, पण तिचे डोळेच तसे, वाकडी मान केल्याशिवाय तिला काही दिसायचं नाही.

अराराट गावाच्या पुढे पोलिसांनी रस्त्यात गाड्या थांबवल्या होत्या. सगळ्यांना नळीत फुंकायला लावत होते. एक तरुण शिपाईबाई आली. लिंडसेने फुंकलं. ती यंत्र बघून हसली, लाल पाटी बघून म्हणाली, "सुंदर गाडी आहे. वही आहे ना?" त्याने वही दिली. तिने तारीख बघितली, वही परत दिली, वाकून आत नजर टाकली.

"सगळं ठीक आहे. मागच्या बाईंना तेवढा पट्टा लावायला सांगा, मग निघा."

लिंडसेने दोन्ही हात स्टिअरिंगच्या चक्रावर ठेवले. मागे कोणी नाही असं म्हणायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण अडुसष्ट वर्षांचा माणूस महामार्गावर पोलिसाला सांगतो की तुम्हाला दिसतंय ते मला दिसत नाही, तर त्याचा परवाना किती दिवस राहील, याचा हिशोब त्याने मनात करून टाकला. मागे वळून बघणं हा दुसरा मार्ग होता. तो त्याला सुचला नाही असं नाही. मान वळली नाही.

शिपाईबाई वाट बघत उभी होती.

समोरच्या काचेकडे बघत, घसा साफ करून, लिंडसे म्हणाला, "बाई, पट्टा लावता का जरा?"

मागे चामडं करकरलं. मग खट् असा आवाज झाला, कडी नीट बसल्यावर होतो तसा.

"थँक्यू," शिपाईबाई म्हणाली आणि पुढच्या गाडीकडे गेली.

"बघ," नोरीन म्हणाली, "सभ्यपणे सांगितलं की लोक ऐकतात."

दोन किलोमीटर गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. त्या गाडीला मागे पट्टे नव्हतेच. एकसष्ट साली बसवलेले नव्हते, आणि त्यानेही बसवले नव्हते. त्याने हात वर केला आणि आरसा छताकडे वळवून टाकला.

५

परत फिरावं असं त्याला दहादा वाटलं. पण दहाही वेळा नोरीन काहीतरी बोलत होती. डोंगर दिसतोय म्हणाली. एवढा मोठा डोंगर मधून फाटल्यासारखा दिसतोय, पण दिसतोय. मग तो पुढेच जात राहिला.

पोर्ट फेअरीला ते दुपारी पोचले. समुद्रावर वारा होता. हिवाळ्यातला सोमवार म्हणून किनाऱ्यावर एक माणूस आणि एक कुत्रा, एवढेच. नोरीन उतरली आणि काठी टेकत बाकाकडे गेली. लिंडसे गाडीपाशीच राहिला. वाटेत त्याने विचार केला होता. इतकी वर्षं वाफेशी झुंजण्यात गेल्यावर त्याला एवढं कळत होतं, की कोंडलेल्याला वाट हवी असते. त्याने मागचं डावं दार उघडलं, हॉटेलच्या दारवानासारखा बाजूला उभा राहिला आणि समुद्राकडे बघितलं.

काही झालं नाही. मग पाटे कुरकुरले आणि गाडी मागून दोन बोटं वर आली.

त्याने दार हळूच लावलं. चारही दारांना कुलपं घातली, दोनदा तपासली, आणि मासे आणि बटाट्याचे तळलेले काप घ्यायला जवळजवळ पळतच गेला.

बाकावर नोरीन एका टोकाला बसली होती. तो मध्ये बसायला लागला तर म्हणाली, "जरा तिकडे सरक." पुड्याला जागा हवी असेल म्हणून तो दुसऱ्या टोकाला बसला आणि पुडा मध्ये ठेवला. तिने मान वळवून, डोळ्यांच्या कडेने, समुद्र बराच वेळ बघितला. म्हणाली, मधे भोक आहे, पण भोकाभोवती सगळीकडे समुद्र आहे, लग्नानंतर बघितला त्याच्याहून मोठाच वाटतो. लिंडसेने पुडा उघडला. त्याने तिच्या बाजूला हात लांबवला तो बटाट्यांत गेला. तसाच त्याने तो तिथे राहू दिला.

तास दीड तास गेला. ऊन उतरायला लागलं. लिंडसेने गाडी उघडली, डिकीत थर्मास आणि पिशव्या लावल्या. लावताना त्याने डिकीत कमी आणि किनाऱ्याकडे जास्त बघितलं, कोणी मागोमाग येत नाही ना म्हणून. वाळूवर कोणी नव्हतं. डिकी आपटून तो पुढे आला, चक्रामागे बसला. शेजारी कोटाची बाही आधीच होती. त्याने गाडी सुरू केली आणि मागे न बघता गाव सोडलं.

६

पेनशर्स्ट मागे पडलं तेव्हा त्याला हसू यायला लागलं. गाडी हलकी चालत होती. काटे जागच्या जागी होते. त्याने आरशाला हात लावला नाही, रस्त्यावरची नजरही काढली नाही, पण जीभ सुटली.

त्याने सगळं सांगून टाकलं. फोटो, टोपी, केल्विनने सोडलेला चहा. मागे पट्टेच नाहीत हेही सांगितलं, आता सांगायला हरकत नव्हती. "तुला उगाच घाबरवायचं नव्हतं," तो म्हणाला. "पण मी तिला किनाऱ्यावर सोडून आलोय, नोरीन. दार उघडून उभा राहिलो आणि उतरली मुकाट्याने. वाईट वाटलं जरा. एकटी बाई, परक्या गावात. पण काय करणार, आपल्या गाडीत किती दिवस ठेवायची?"

शेजारून उत्तर आलं नाही. नोरीन दमली असेल, असं त्याला वाटलं. समुद्र बघितल्यावर माणूस गप्प होतोच. डंकेल्ड गेलं, ग्लेनथॉम्प्सन गेलं. पुढच्या सलग सीटवरून त्याने डावा हात सरकवला आणि तिच्या हातावर ठेवला. हात गार होता, वाऱ्याने पार आखडला होता. त्याने दुसऱ्या हाताने गाडीतली ऊब वाढवली, पुन्हा चक्र धरलं, आणि म्हणाला की पंचेचाळीसातला एकच दिवस संपलाय, अजून चव्वेचाळीस आहेत. वाटेल तेव्हा आणीन तुला.

"खरंच?" नोरीन म्हणाली. आवाज झोपेतून उठल्यासारखा जड होता, आणि मागून आला. "कुठवर आलो आपण?"

लिंडसेने रस्त्याकडे बघितलं. सरळ रस्ता होता, दोन्हीकडे पॅडक, मेंढ्यांच्या लांबच लांब सावल्या.

"मी मागे बसले तर चाललं ना तुला?" नोरीन म्हणाली. "त्यांना मागे मळमळतं, सकाळपासून कशातरीच दिसत होत्या. मीच म्हटलं, तुम्ही पुढे बसा. झोप छान लागली मला. मधून मधून तुझा आवाज येत होता. त्यांच्याशी इतकं मनमोकळं बोलतोयस, ऐकून बरं वाटलं."

त्याच्या तळव्याखालचा हात अजून तापला नव्हता. पण त्या हाताने बोटं मिटली, सावकाश, ज्याला पहिल्यांदाच कोणीतरी धरलंय त्याने मिटावीत तशी.

लिंडसेने हात काढून घेतला नाही. ते उद्धटपणाचं दिसलं असतं, आणि अव्होका अजून एकशे दहा किलोमीटर होतं.